जर्नल कोरं का राहतं? अभ्यासाच्या चालढकलीबद्दल

सोनचाफा | ५ जानेवारी, रात्री १०:४०

मी उपनगरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बावीस वर्षं झाली. दर जानेवारीत तेच होतं. बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर येते, जर्नल सर्टिफाय करायची वेळ होते आणि निम्म्या वर्गाच्या जर्नलमध्ये पहिले तीन प्रयोग सोडले तर पुढची पानं कोरी असतात. मग दोन रात्रींत बारा प्रयोग उतरवले जातात. एकाचं जर्नल सहा घरांत फिरतं आणि त्यातली एक चूक सहाही जर्नलांत तशीच माझ्या टेबलावर येते.

आळशी मुलं म्हणून मी हा विषय सोडून दिला असता. पण प्रयोग करताना हीच मुलं आळशी नसतात. मीटर ब्रिजवर जॉकी सरकवत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा असतो तेव्हा "मला दे, मला दे" करत एकमेकांचे हात बाजूला सारतात. हात चालतात, डोकं चालतं. लिहायची वेळ आली की सगळं थांबतं.

एका मुलाचं सांगते. त्याच्या कंपासपेटीत घडी घातलेले कागद सापडले. ऑगस्टपासूनच्या प्रत्येक प्रयोगाची रीडिंग्ज, तारखेसकट, स्वच्छ अक्षरात. जर्नल मात्र ऑगस्टपासून कोरं. मी म्हटलं, "अरे, हे नुसतं उतरवायचं होतं ना?" तो म्हणाला, "हो मॅडम. जर्नल काढतो. मग परत ठेवतो." याहून जास्त त्याला सांगता आलं नाही आणि पुढे काय विचारावं ते मलाही सुचलं नाही.

ओरडून झालं, गुण कापून झाले, पालकांना बोलावून झालं. मुलं असं का करतात आणि कशाने फरक पडतो, तुमचे अनुभव सांगा. विद्यार्थी असाल तर जरूर लिहा.

गिरगावकर | ५ जानेवारी, रात्री ११:१५

बाई, तुम्ही फार विचार करता. मी अकरावी एस.एस.सी.वाला, १९७२ सालचा. आमच्या चाळीत शंभर मुलं होती आणि वही अपुरी ठेवायची कोणाची छाती नव्हती. शाळेत छडी, घरी वडील. धाक गेला, त्याबरोबर अभ्यासही गेला. आताच्या मुलांना स्वतंत्र खोली, टेबल, क्लास, सगळं मिळतं. सोयी वाढल्या की माणूस सैलावतो.

बदलापूर_फास्ट | ६ जानेवारी, रात्री १२:५०

विद्यार्थ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आत्ता माझ्या बॅगेत तीन असाइनमेंट अपुऱ्या आहेत आणि मी हा धागा वाचतोय.

आतून कसं वाटतं ते सांगतो. ठरवून बसतो. वही उघडली की पोटात काहीतरी खाली जातं. पहिल्या ओळीपाशीच कळतं की मागचं युनिट आपल्याला आलेलं नाही. ते आलं नाही कारण त्या आठवड्यात गाड्या उशिरा होत्या आणि दोन लेक्चर बुडाली होती. म्हणजे एक असाइनमेंट लिहायला आधी मागची दोन काढावी लागणार. हे डोक्यात येईपर्यंत मी उठून पाणी प्यायलेलो असतो. मग कपाट आवरतो. मागच्या सेमिस्टरला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी घरातले सगळे पंखे पुसले. आई खूश होती.

तो वेळ मजेत जात नाही, हे कोणाला कळत नाही. पंखा पुसतानाही पोटात ते असतंच. गिरगावकर काका, धाक कमी नाहीये. आहे तोच फार आहे.

आणि एकदा तारीख चुकली की सरांच्या समोर जाववत नाही. कॉरिडॉरमध्ये सर दिसले तर मी जिना बदलतो. मग दुसरी तारीखही चुकते.

चहा_कमी_साखर | ६ जानेवारी, सकाळी ८:०५

मोबाइल. विषय संपला.

कॅरमची_राणी | ६ जानेवारी, सकाळी ८:३०

@चहा_कमी_साखर, माझी दहावी १९९२ ची, तेव्हा मोबाइल कुठे होता? वर्ल्ड कप ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होता, सामने पहाटेपासून सुरू व्हायचे आणि आमची परीक्षा मार्चमध्ये. पहाटे अभ्यासाला उठते असं आईला सांगून मी टीव्हीचा आवाज बंद करून बसायचे. त्याआधी गणपतीचं डेकोरेशन, त्यानंतर गल्लीतल्या कॅरम स्पर्धा. टाळणाऱ्याला निमित्त लागतं, ते कुठल्याही काळात मिळतं. मोबाइलचा फरक इतकाच की सामना दुपारी संपायचा, हा संपत नाही.

चहा_कमी_साखर | ६ जानेवारी, सकाळी ८:४१

शेवटचं वाक्य मान्य. तेवढ्यापुरता मी बरोबर.

ओसरी | ६ जानेवारी, सकाळी ११:२०

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. बदलापूर_फास्ट, तू जे लिहिलंस ते इतकं नेमकं आहे की मी पालकसभेत वाचून दाखवू का? नाव घेणार नाही.

चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन न जमणं, असं आपण वर्षानुवर्षं समजत आलो. म्हणून मुलांना वेळापत्रकं करून देतो. ती भिंतीवर लागतात आणि आठवड्यात त्यांच्यावर कॅलेंडर येतं. फुशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत वेगळी मांडणी केली आहे. मूल काम टाळत नाही, त्या कामामुळे मनात जे येतं ते टाळतं. भीती, कंटाळा, "मला येत नाही" ही टोचणी. वही मिटली की टोचणी लगेच थांबते, म्हणजे वही मिटण्याचं बक्षीस जागच्या जागी मिळतं. उद्या ती टोचणी मोठी होऊन परत येते, पण उद्याचं आज दिसत नाही.

सोनचाफाताई, तुमचा विद्यार्थी "काढतो, परत ठेवतो" म्हणाला, त्यात हे सगळं आलं.

आता गिरगावकर काकांच्या धाकाबद्दल, आदर ठेवून. पिचिल कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात होते. तिथे त्यांनी मायकेल वोल आणि शॅनन बेनेट यांच्यासोबत पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेला ज्यांनी चालढकल केली होती, त्यांच्यापैकी जे स्वतःला माफ करू शकले त्यांनी दुसऱ्या परीक्षेला कमी चालढकल केली. जे स्वतःला कोसत राहिले त्यांना तसा फायदा झाला नाही. कोसण्याने पुस्तकाशी जोडलेली टोचणी वाढते, आणि टोचणी वाढली की पुस्तक आणखी लांब जातं.

गिरगावकर | ६ जानेवारी, दुपारी १:०२

म्हणजे पोराने काम केलं नाही तर पाठीवरून हात फिरवायचा? दुसऱ्या खेपेला तो डोक्यावर बसेल.

ओसरी | ६ जानेवारी, दुपारी १:३०

नाही काका. "झालं ते चूक झालं, आता पुढचं पान" असं म्हणायचं. चूक ही चूकच राहते. ती उगाळत बसायचं नाही, एवढंच.

नाइटमारू | ६ जानेवारी, दुपारी ३:१०

थोडा वेगळा सूर लावतो. माझं डोकं शेवटच्या रात्रीच चालतं. संपूर्ण बी.कॉम. नाइट मारून केलं आणि फर्स्ट क्लास मिळवला. आधी बसलो असतो तर इतकी एकाग्रता आलीच नसती.

अर्धी_पोळी | ६ जानेवारी, दुपारी ३:५५

@नाइटमारू, "आली नसती" हे कशावरून? आधी बसून कधी पाहिलंत का? मी दोन्ही करून पाहिलंय. शेवटच्या रात्री एकाग्रता येते हे खरं, पण ती येते कारण पळायला जागा उरत नाही.

डायेन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांचा १९९७ चा शोधनिबंध आहे. चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होते, आजारीही कमी पडत होते. सत्र संपताना मात्र ताण आणि आजारपण दोन्हींत ते इतरांच्या पुढे गेले, आणि गुणही कमी मिळाले. सुरुवातीचा निवांतपणा खरा असतो, म्हणून तर सवय लागते. त्याचं बिल फेब्रुवारीत येतं.

नाइटमारू | ६ जानेवारी, दुपारी ४:२०

खरं सांगायचं तर तिन्ही वर्षं परीक्षा संपली की मी आठवडाभर तापाने पडायचो. आई म्हणायची नजर लागली.

पाटीपेन्सिल | ६ जानेवारी, रात्री १०:३०

मी मुंबईतल्या एका रात्रशाळेत शिकवतो. साडेसहाला शाळा भरते. माझी मुलं दिवसभर कुरिअरच्या बॅगा उचलतात, कॅन्टीनमध्ये भांडी घासतात, दुकानात मापं काढतात. गृहपाठ होत नाही. वर ज्याची चर्चा चालली आहे ती चालढकल हा त्यांचा प्रश्न नाही, पण प्रगतिपुस्तकावर शेरा तोच पडतो: "अभ्यासात टाळाटाळ." सुरुवातीची काही वर्षं तो शेरा मीही लिहीत होतो.

आता मी आधी तीन गोष्टी विचारतो. काल किती झोपलास? जेवलास का? वही आहे का? या तिन्हींची उत्तरं बरी आली तरच पुढे टाळाटाळीचा विचार. दमलेल्या पोराला टाळणारा म्हणणं हा अन्याय आहे. आणि गृहपाठ शाळेतच, शेवटच्या पंचवीस मिनिटांत करून घेतो. घरी पाठवलेला गृहपाठ दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांमध्ये कुठे करणार?

दिवसाच्या कॉलेजातली मुलंही कमी दमलेली नसतात, बदलापूर_फास्ट. तुझा रोजचा प्रवास किती?

बदलापूर_फास्ट | ६ जानेवारी, रात्री १०:५२

दादरपर्यंत सव्वा तास, पुढे वेस्टर्नने पंचवीस मिनिटं. येताना तेवढंच. बसायला मिळालं तर ठाण्यापर्यंत वाचतो. सहसा नाही मिळत.

सर, थँक्यू. झोपेचं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

वरळी_१६० | ७ जानेवारी, सकाळी ९:१५

पाटीपेन्सिल सरांनी खोलीचा विषय काढला म्हणून. बी.डी.डी. चाळीतली आमची खोली १६० चौरस फूट, माणसं नऊ. घरी अभ्यास हा प्रकारच नव्हता. रात्री दहानंतर आम्ही पाच-सहा मुलं पॅसेजमध्ये चटई टाकून बसायचो. वर एकच ट्यूबलाइट. कोणी कोणाला शिकवायचं नाही, कोणी बोलायचंही नाही. मला गणिताचा अतिशय तिटकारा, पण शेजारचा पान उलटतोय म्हटल्यावर मीही उलटायचो. उठून जायला लाज वाटायची आणि बसून राहिलं की आपोआप काहीतरी होऊन जायचं.

बाबासाहेबांचं आठवा. परळच्या चाळीतली एक खोली. वडील स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि नंतर आडवे व्हायचे, कारण त्याआधी खोलीत शांतता नसे. एल्फिन्स्टन हायस्कूल सुटलं की चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचं. तिथेच केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली. १९०७ ला मॅट्रिक झाले. ती जिद्द त्यांचीच, पण जागं राहणारा एक बाप आणि बसायला एक बाग, हेही त्यात होतं.

आता मी वस्तीत मित्रांबरोबर अभ्यासिका चालवतो. वीस खुर्च्या, दोन पंखे, भिंतीला घड्याळ. शिकवत कोणीच नाही. तरी मुलं म्हणतात, "दादा, घरी होत नाही ते इथे होतं."

गिरगावकर | ७ जानेवारी, सकाळी ९:५०

वरळी_१६०, नमस्कार. फार मोठं काम करता आहात. खुर्च्या कमी पडत असतील तर सांगा.

कॅरमची_राणी | ७ जानेवारी, सकाळी १०:१०

अवांतर आहे, पण राहवत नाही. काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी! १८७० ची इमारत, वरच्या व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि मागे बाग. मी बी.ए.चं शेवटचं वर्ष तिथे काढलं. त्या खुर्चीत निम्मी माणसं झोपलेली असायची, तरी अभ्यास व्हायचा.

अर्धी_पोळी | ७ जानेवारी, सकाळी १०:२५

दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय माझं. रुमाल टाकून जागा धरायची आणि खाली जाऊन वडापाव खायचा. वडापावाला अर्धा तास लागायचा.

चहा_कमी_साखर | ७ जानेवारी, सकाळी १०:३१

म्हणजे तिथेही टाळलंतच.

अर्धी_पोळी | ७ जानेवारी, सकाळी १०:३३

रुमाल मात्र सलग बसून होता.

तुरीचं_वरण | ७ जानेवारी, दुपारी २:४०

हसून झाल्यावर एक गंभीर गोष्ट लिहिते, कारण सोनचाफाताईंचा विद्यार्थी वाचून मला माझा मुलगा आठवला.

तो सहावीत असताना तोंडी सगळं यायचं. प्रश्न विचारा, उत्तर तयार. लिहायला बसला की दोन ओळींनंतर पेन खाली. शाळेने दोन वर्षं मला "लक्ष द्या, लाडावलाय" असं ऐकवलं, आणि मी लक्ष द्यायचं म्हणून त्याला मारलं. हे लिहिताना आजही हात थांबतोय. शेवटी आमच्या डॉक्टरांनी सायन हॉस्पिटलच्या एल.डी., म्हणजे अध्ययन अक्षमता तपासणाऱ्या क्लिनिकचा रस्ता दाखवला. बऱ्याच फेऱ्या, बऱ्याच चाचण्या. निदान: डिसग्राफिया. लिहिणं त्याला खरोखरच जड जात होतं. डोक्यातलं कागदावर उतरवताना त्याची इतकी शक्ती जायची की तिसऱ्या ओळीला तो रिकामा व्हायचा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळाला. त्याहून मोठं म्हणजे, "मी आळशी नाही" हे त्याला चौदाव्या वर्षी कळलं. त्या दिवशी घरी येऊन तो खूप रडला आणि मग आपणहून वही घेऊन बसला.

प्रत्येक टाळणाऱ्या मुलाला असं काही असतं असं माझं म्हणणं नाही. पण बोलताना हुशार आणि लिहिताना अडकलेलं मूल दिसलं तर एकदा तपासून घ्या. लक्ष न टिकण्याचं, म्हणजे ए.डी.एच.डी.चंही तसंच.

ओसरी | ७ जानेवारी, दुपारी ३:०५

तुरीचं_वरण, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या सगळ्या लिहिण्यापेक्षा हा प्रतिसाद जास्त पालकांच्या उपयोगी पडेल. स्वतःला त्या माराबद्दल आता सोडा.

लोणचं_मुरलेलं | ७ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

काय चालतं ते कोणीतरी सांगा की. कारणं पुष्कळ झाली.

माझं मी सांगते. मुलगी आठवीत. "अभ्यासाला बस" म्हटलं की तिला डोंगर दिसतो. म्हणून मी कुकर लावते आणि म्हणते, "तीन शिट्ट्या होईपर्यंत बस, मग ऊठ." तीन शिट्ट्यांना कोण नाही म्हणेल? बहुतेक वेळा कुकर उतरला तरी ती बसलेली असते. नसली तरी तीन शिट्ट्यांचा अभ्यास पदरात पडलेला असतो.

अर्धी_पोळी | ७ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

@लोणचं_मुरलेलं, फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी हेच केलं. स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेतला आणि तो वाजेपर्यंत फक्त अभ्यास. इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोडोरो, तेच त्या पद्धतीचं नाव पडलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुटी. तुमचा कुकर त्याच जातीचा, आणि शेवटी भातही तयार.

गिरगावकर | ७ जानेवारी, रात्री ९:३०

कालपासून सगळं वाचतो आहे. छडीबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण आमच्या वेळच्या आणखी एका गोष्टीचा विचार करत होतो.

दिवेलागण झाली की चाळीत घरोघरी परवचा सुरू व्हायचा. हात-पाय धुऊन देवापुढे बसायचं, श्लोक, मग पाढे. बे एके बे पासून तीसपर्यंत, शिवाय पावकी, निमकी, दिडकी. आज बसू का उद्या बसू, हा प्रश्न कोणाच्या मनातच येत नसे, कारण ठरवायला काही ठेवलेलंच नव्हतं. दिवा लागला की बसायचं. ताप असला तरी पडल्या पडल्या म्हणायचं. आणि त्या वेळी कोणी मारत नसे. आजी शेजारी वाती वळत बसलेली असायची.

आताच्या मुलांना रोज नव्याने ठरवावं लागतं: केव्हा बसू, कुठे बसू, कुठला विषय घेऊ. ठरवण्यातच निम्मा दम जातो. नेम हवा.

ओसरी | ७ जानेवारी, रात्री ९:५५

काका, पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकापासून नेमका हाच विषय अभ्यासला आहे. "मी अभ्यास करीन" या निश्चयापेक्षा "अमुक झालं की मी अमुक करीन" असा निश्चय जास्त वेळा पार पडतो. दिवा लागला की पाढे, हा त्याचा चोख नमुना. नेमाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

हिशेबनीस | ८ जानेवारी, सकाळी ७:५०

सोनचाफा मॅडम, माझा प्रश्न जरा रोखठोक आहे, राग मानू नका. तुम्ही जर्नल वर्षातून किती वेळा तपासता? जानेवारीत एकदाच तपासत असाल तर मुलं जानेवारीत एकदाच लिहिणार.

डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांचा २००२ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना तीन मजकूर तपासायला दिले. काहींना दर आठवड्याला एक परत द्यायचा होता, काहींना तिन्ही एकदम तीन आठवड्यांनी. दर आठवड्यावाल्यांनी चुका जास्त पकडल्या आणि उशीरही कमी केला. ज्यांना तारखा स्वतः ठरवायला दिल्या ते या दोघांच्या मधे राहिले. मी टॅक्सचं काम करतो, ग्राहकांचं हेच बघतो. तारीख लांबची असली की ती कोणालाच खरी वाटत नाही.

सोनचाफा | ११ जानेवारी, रात्री ९:२०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. उत्तर द्यायला उशीर केला कारण आधी त्या मुलाशी बोलायचं होतं.

हिशेबनीस, राग अजिबात नाही. मी जर्नल दर महिन्याला तपासायची. दिवाळीनंतर पोर्शनच्या गडबडीत ते सुटलं. ही चूक माझी.

काल प्रॅक्टिकलनंतर त्याला थांबवलं. "का लिहिलं नाहीस" हे विचारलं नाही. पाटीपेन्सिल सरांचे प्रश्न विचारले. झोप ठीक, जेवण ठीक. तुरीचं_वरणताई, तुमचं मनात होतं म्हणून समोर बसवून एक परिच्छेद लिहायला सांगितला. भराभर लिहिला, अक्षर उत्तम. मग म्हटलं, जर्नल दाखव, शेवटचं लिहिलेलं पान काढ.

त्याने चौथ्या प्रयोगाचं पान काढलं. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल पेनाची तिरकी रेघ आणि खाली "पुन्हा लिही". सही माझी. ऑगस्टमधली तारीख. आकृती डाव्या पानाऐवजी उजव्या पानावर काढली म्हणून मी पूर्ण पान खोडलं होतं. त्याची रीडिंग्ज बरोबर होती, उत्तर बरोबर होतं. मला ती रेघ मारल्याचं आठवतही नाही. त्या आठवड्यात अशा तीस-चाळीस रेघा मारल्या असतील.

तो म्हणाला, "मॅडम, ते आधी पुन्हा लिहायचं होतं ना. ते झाल्याशिवाय पुढचं कसं लिहू?" म्हणजे पाच महिने तो त्या एका पानापाशी उभा होता. बदलापूर_फास्ट, तू लिहिलं होतंस की एक लिहायला आधी मागचं काढावं लागतं. ते वाचलं नसतं तर मला त्याचं बोलणं कळलं नसतं.

मी त्याची माफी मागितली. त्या पानावर "आकृती बदलली तर चालेल, बाकी बरोबर" असं लिहून सही केली आणि म्हटलं, पुढचा प्रयोग आत्ता इथेच लिही, मी वह्या तपासत बसते. पाऊण तासात गॅल्व्हानोमीटरचा प्रयोग पूर्ण झाला.

सोमवारपासून प्रॅक्टिकलनंतर एक तास लॅब उघडी ठेवणार आहे. यायची सक्ती नाही. एका बैठकीत एकच प्रयोग, सुरुवात रीडिंगच्या तक्त्यापासून, कारण ते उतरवायला विचार करावा लागत नाही. गुण कापणार नाही. मी तिथे माझं काम करत बसेन.

नाइटमारू | ११ जानेवारी, रात्री १०:०१

मॅडम, हे जरा भरवण्यासारखं नाही का होणार? कॉलेजात शेजारी बसवून लिहून घेतलं तर पुढे नोकरीत कोण बसणार?

वरळी_१६० | ११ जानेवारी, रात्री १०:२०

नोकरीत ऑफिस असतं, शेजारी वीस माणसं काम करत असतात. घरून काम सुरू झालं तेव्हा किती जणांचं काम अडलं ते आठवा. शेजारी माणूस लागतोच, सगळ्यांना.

पाटीपेन्सिल | ११ जानेवारी, रात्री १०:४५

सोनचाफा मॅडम, मी आज माझ्या वर्गाच्या वह्या काढून माझे लाल शेरे वाचत बसलो आहे. तीन वह्यांत पान पूर्ण खोडलेलं सापडलं. तिन्हीत त्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

बदलापूर_फास्ट | १४ जानेवारी, रात्री ११:१०

आज सरांकडे गेलो. जिना बदलला नाही. "सर, तीन राहिल्यात, दोन मला येत नाहीत," एवढंच म्हणालो. सर म्हणाले, "जी येते ती उद्या दे, बाकीच्यांसाठी गुरुवारी येऊन बस." मी चार महिने यासाठी पळत होतो.

ट्रेनचंही ठरवलं: कल्याण गेलं की पुस्तक बाहेर, ठाणं आलं की बंद. उभा असलो तरी. चार दिवसांत तीन वेळा जमलं.

लोणचं_मुरलेलं | १४ जानेवारी, रात्री ११:२५

शाब्बास रे बाळा! आणि चौथ्या दिवसाबद्दल स्वतःला बोल लावू नकोस.

सोनचाफा | ३० जानेवारी, संध्याकाळी ६:४०

आज सर्टिफाय करायचा शेवटचा दिवस होता, म्हणून कळवते.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी चार मुलं आली. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या आठवड्यात तेवीस, स्टूल कमी पडली म्हणून काही जण खिडकीच्या कट्ट्यावर बसले. गप्पा झाल्या, एकदा मला ओरडावंही लागलं. पण प्रयोग लिहिले गेले आणि आपापल्या रीडिंगवरून लिहिले गेले. वर्ग साठ जणांचा आहे. शेवटच्या रात्री उतरवून आणलेली जर्नलं या वेळी नऊ आली. त्या नऊ जणांपैकी एकही लॅबमध्ये आला नव्हता. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्यातल्या दोघींची घरं कर्जतच्या बाजूला आहेत, त्यांना चारनंतर थांबता येत नाही. त्यांच्यासाठी सकाळची वेळ ठेवायला हवी होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

जूनपासून दर दुसऱ्या प्रॅक्टिकलला तपासणी, हे डायरीत लिहून ठेवलं आहे. लाल पेनाने पूर्ण पान खोडायचं नाही, हेही.

गिरगावकर | ३० जानेवारी, संध्याकाळी ७:१५

बाई, तो कंपासपेटीतले कागद ठेवणारा मुलगा? त्याचं काय झालं?

सोनचाफा | ३० जानेवारी, संध्याकाळी ७:३२

सगळं झालं, दोन प्रयोग राहिलेत. प्रिन्सिपलांकडून एक दिवस वाढवून घेतला आहे. तो उद्या सकाळी सातला येतो म्हणालाय. कर्जतच्या दोघींनाही निरोप दिला आहे, म्हटलं दुसऱ्याचं उतरवलेलं राहू द्या, तुमच्या स्वतःच्या रीडिंगचा एक तरी प्रयोग लिहू. लॅबची किल्ली शिपाईकाकांकडून आजच घेऊन ठेवली.